प्लायखालचे चार कांदे

मी चौथी शिकलेला माणूस. पण ओल कशी ओळखायची हे मला कुणी शिकवायचं नाही, असा माझा तोरा होता. नव्वद सालानंतर इंदिरानगरला काळ्या रानात दोन खोल्या बांधल्या. दगड-मुरुमाची भर घालायचा कंटाळा केला नि काँक्रीटचा कोबा सरळ मातीवर टाकला. पावसाळ्यात कोब्याला घाम फुटायचा. गोधडी उचलावी तर खालून गार, चिकट.

आम्हा दोघांचं भागत होतं. मग लेकीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिला लहानपणापासून दमा. विहीणबाईंचा निरोप आला, "घरात ओल असेल तर सून पाठवणार नाही. आठ दिवसांनी येऊन बघते."

जमिनीवर प्लाय टाकायला मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, "बाबा, आधी जाड प्लास्टिक अंथरू, त्यावर पट्ट्या, मग प्लाय."

मी म्हटलं, "प्लास्टिकनं झाकलं की कुजतं. प्लाय थेट टाक."

"तुमचं घर, तुमचं डोकं," म्हणाला, नि टाकून गेला.

तिसऱ्या दिवशी कोपरा उचलला. प्लाय खालून काळा, त्यावर पांढरी बुरशी. बायको दारातच उभी होती.

"गावाकडं कांद्याच्या चाळीत कांदा भुईवर ठेवता का कधी? खालून वारा लागावा म्हणून हातभर उंच बांबू बांधता. कांद्याला वारा आन् लेकीला बुरशी?"

 सायकल काढून मिस्त्रीकडं गेलो. तो हसला नाही, एवढं त्याचं भलेपण. प्लास्टिक अंथरलं, कडा वीतभर भिंतीवर चढवल्या, वर लाकडी पट्ट्या नि नवा प्लाय, भिंतीकडून वाऱ्याला फट. कोपरे मात्र मी ठोकू दिले नाहीत. प्लास्टिकवर माझा भरवसा नव्हता. चारी कोपऱ्यांत, प्लायखाली, एकेक गोल्टी कांदा ठेवला. बारीक असला तरी ओल लागली की कांदा लपवत नाही.

विहीणबाई आल्या. पाण्याचा तांब्याही न घेता खाली बसून जमिनीवर तळवा टेकवला.

"वरून तर कोरडं आहे. खाली काय?"

मीही तोवर उघडून बघितलं नव्हतं.  पहिला कांदा काढला, साल कुरकुरीत. दुसरा तसाच. तिसराही. मोरीकडचा चौथा हाताला लागला तेव्हाच कळलं. बुडाला पांढरी मुळं फुटलेली. कांदा एवढासा, मुठीत सहज लपला असता. बायको माझ्या मुठीकडं बघत होती.

मी मूठ उघडली.

विहीणबाईंनी कांदा उलटसुलट करून बघितला. "मोरीकडं खाट लावायची नाही," म्हणाल्या. "ती भिंत आधी मिस्त्रीला दाखवा. सून रविवारी येईल." मग बायकोकडं वळून म्हणाल्या, "आता चहा ठेवा."

मी चहाला थांबलो नाही. सायकल काढली. त्याच मिस्त्रीच्या दारात, एका आठवड्यात दुसऱ्यांदा.