जोरात फुंका

आमच्या घरात कुणी खोकललं की मी आधी त्याची छाती बघते. बाबा मागावर बसायचे. सुताची धूळ जन्मभर नाकातोंडात गेली आणि शेवटचा हिवाळा त्यांनी नागपुरातल्या नंदनवनच्या घरी पलंगावर बसूनच काढला, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. त्या श्वासाचा आवाज ज्यानं ऐकलाय, तो मला भित्री म्हणणार नाही. बाकीचे म्हणतात, म्हणू देत.

म्हणून भाचीच्या वाढदिवसाला माझ्या धाकट्या भावाला साधा फुगा फुगवता आला नाही, तेव्हा सगळे हसले, मी नाही हसले. हवा ओठांच्या कडेनं फुसफुसत निघून गेली. तो लालबुंद होऊन म्हणाला, "फुगेच खराब आहेत वं ताई." त्याच पाकिटातले बाकीचे फुगे मी फुगवले होते.

तो मौद्याकडे वेल्डिंगच्या कामावर जातो. अजून चाळिशीही आली नाही, पण माझ्या मनीषनगरच्या घराचा जिना चढून आला की दारातच थांबायचा, चौकट धरून. अंगही उतरलं होतं. सावजी रस्सा म्हणजे आम्हा कोष्ट्यांचा जीव की प्राण, तोही त्यानं सोडला होता. तिखट झेपत नाही म्हणायचा. भाकर वरणात कुस्करून खायचा. आम्ही म्हटलं, पोराला उशिरा का होईना अक्कल आली. मी तर त्याचं कौतुक चारचौघांत केलं.

त्याच्या मागे लागून लागून मी त्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फुप्फुसांची तपासणी सांगितली, नळीत फुंकायची. बाहेर बाकावर आम्ही नंबराची वाट बघत बसलो. मला बाबांचा पलंग दिसत होता आणि त्यावर बाबांच्या जागी हा.

"घाबरू नको गा," मी म्हटलं.

"मी कुठं घाबरून राहिलो? तूच पदर पिळून राहिली."

तपासणीच्या खोलीत मलाही बसू दिलं. तिथल्या मुलीनं त्याच्या नाकाला चिमटा लावला आणि पुठ्ठ्याची नळी पुढे केली. "दातांच्या आत घ्या, ओठ गच्च मिटा, आणि मी सांगितलं की जोरात फुंका."

नळी दातांवर टक्कन आपटली. तिनं परत सांगितलं, तोंड उघडा. नळी परत आपटली. मला संताप आला. इतक्या लांब आणलं आणि हा आता नखरे करतो!

"अरे, नीट मोठं उघड ना!"

"मोठंच तर उघडून राहिलो," तो म्हणाला. चिमट्यामुळे आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला.

मुलीनं लहान मुलांसाठीची बारीक नळी आणली. ती कशीबशी आत गेली. "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून!" ती ओरडत होती आणि मी माझाच श्वास कोंडून त्याच्याबरोबर फुंकत होते. दोनदा हवा बाजूनं निसटली. शेवटी पडद्यावरची रेघ वर चढली आणि हळूहळू खाली उतरली.

डॉक्टरांनी ती पाहिली. "फुप्फुसं एकदम चांगली आहेत. काही प्रॉब्लेम नाही."

भावानं मांडीवर थाप मारली. मला रडू फुटलं, आनंदाचं. पण डॉक्टर अजून त्याच्याकडेच बघत होते.

"तोंड किती उघडतं? तुमची तीन बोटं उभी घालून दाखवा." त्याचं एकच बोट गेलं. "खर्रा खाता? सुपारी-तंबाखू घोटलेला?"

"थोडासा, सर. कामावर सगळेच खातात." नागपुरात हे विचारण्यासारखं तरी आहे का, असा त्याचा चेहरा होता.

डॉक्टरांनी बॅटरी लावली, हातमोजा घालून गालाच्या आत बोट फिरवलं आणि एका जागी थांबले. भाऊ कळवळला. "दात घासते तिथं," तो म्हणाला. डॉक्टर आता माझ्याशी बोलू लागले. गाल आतून आवळत गेलेत, म्हणून फुंकता येत नाही, तिखट झोंबतं. खाणं सुटलं, रक्त कमी झालं, म्हणून जिन्यावर दम लागतो. आणि आतली ती जखम, तिचा तुकडा काढून तपासावा लागेल, याच आठवड्यात. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. मला तो तरीही ऐकू आला. इतके महिने मी त्याच्या छातीकडे बघत बसले होते आणि दुखणं माझ्यासमोर भाकर कुस्करत होतं.

भावानं मात्र पहिलंच वाक्य घट्ट धरलं. ऑटोत बसल्या बसल्या त्यानं आईला फोन लावला. "फुप्फुस फर्स्ट क्लास निघालं! सांगितलं होतं ना तुले?" मी बाहेर बघत राहिले. त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

नंदनवनला पोचलो तर आईनं पेढे मागवून ठेवले होते. देवापुढे ठेवून तिनं एक उचलला आणि त्याच्या तोंडाशी नेला. चांगली बातमी आणणाऱ्याला आमच्याकडे अख्खा पेढा भरवतात, तोडून नाही.

"आ कर गा. मोठा आ कर."

पेढा दातांवर दबला आणि त्याचा भुगा शर्टावर सांडला. भाऊ हसला. "अर्धा अर्धा दे ना वं आई." आईही हसली आणि लहानपणी करायची तशी त्याची हनुवटी धरून तिनं खाली ओढली. हनुवटी हलली नाही. तिनं पुन्हा ओढून पाहिलं. मग पेढ्यानं माखलेला हात तसाच ठेवून ती माझ्याकडे वळली.

"याचं तोंड काहून नाही उघडून राहिलं वं?"