शालनचा स्वल्पविराम

इथले गूढ अनुभव मी आजवर शुद्धलेखनाच्या चुका शोधत वाचले… विश्वास कधीच ठेवला नाही. आज स्वतःचाच लिहितो आहे.

मी भोरजवळ उत्रोलीत राहतो. एका विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाची प्रुफं घरी तपासतो – आकड्यांच्या तक्त्यांची पुस्तकं बहुधा माझ्याकडेच येतात. माझी बायको शालन मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट. मी प्रुफावर नजर ठेवायचो. गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. पाणी हवं असलं तरी नुसती बघते.

या उन्हाळ्यात माती-परीक्षणावरचं नवं पुस्तक आलं. दुपारी मी पडवीत प्रूफ घेऊन बसलो होतो. मूळ प्रत शेजारी, अजून न उघडलेली. कामथडीहून आलेली धाकटी बहीण मंदा आतून आली.

"दादा, वयनी बोलत्याती."

"काय म्हणतेय?"

"स्वल्पविराम. मी हितं पाण्याचा तांब्या घिऊन उभी, आन् त्यांचं आपलं दशांश चिन्ह चाललंय."

आत गेलो. छताकडे बघत, जुन्याच लयीत शालन म्हणाली, "एकोणचाळीस दशांश चिन्ह चार."

माझ्या हातातल्या प्रुफात चौतीस दशांश चार होतं. मूळ प्रत उघडली… एकोणचाळीस.

डॉक्टर म्हणाले, जुनं पाठांतर असेल. पण हे पुस्तक तिनं पाहिलेलंच नव्हतं.

मग रोजच. मी प्रूफ उचललं की ती सुरू, ठेवलं की गप्प. एकदा मूळ प्रतीच्या समासात मी पेन्सिलीनं एक ओळ लिहिली आणि पडवीतच बसलो. आतून आवाज आला –

"शालन स्वल्पविराम तुला काही दुखतंय का प्रश्नचिन्ह."

मी उत्तरासाठी थांबलो. मंदाही दारात थांबली. शालननं पुढचा तक्ता वाचायला घेतला.

परवा प्रकाशन विभागातून फोन आला.

"काका, तेवढी शेवटची पानं पाठवा. विद्यापीठ आमचा विभागच बंद करतंय."

"मग पुढची पुस्तकं?"

"कुठली पुस्तकं, काका? मला परीक्षा विभागात टाकलंय."

जुनी प्रुफं काढून पाहिली. कोऱ्या कागदांवर स्वतः लिहून पाहिलं. शालन गप्प.

हे काय आहे, मला सांगता येत नाही. मी कधी कुणाचं काम अडवलं नाही. आता पुस्तकाचं शेवटचं पान न तपासता अडवून बसलो आहे.

"दादा, वाचा की वो," मंदा म्हणते. "आवाज तरी ऐकू."

वाचावं लागेलच. फक्त त्या पानाच्या शेवटी पूर्णविराम आहे, आणि शालन तोही मोठ्यानं म्हणेल.