माझ्या जिभेचा विटाळ

माझ्या ओठांना लागलेला ग्लास मालकाने पाहुण्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. धुवायलाही दिला नाही. "हा आता नको," एवढंच म्हणाला आणि रुमालाने बोटं पुसली.

पलूसजवळच्या या वायनरीत मी दहा वर्षं राबते. मालबेक नावाच्या काळ्या द्राक्षाची बाग माझ्या हाताखाली आहे. तोडणी कधी धरायची हे साखर मोजायचं यंत्र अर्धंच सांगतं. उरलेलं मी सांगते. मणी तोंडात टाकायचा, साल चावायची, बी फोडायचं. तुरटपणाने तोंड ओढलं तर थांबायचं. भाजल्या शेंगदाण्यासारखं बी कडकन फुटलं की कात्री लावायची. दर हंगामात मालक बांधावर येऊन विचारतो, "काय म्हणते तुझी जीभ?" बांधावर माझ्या जिभेला जात नसते.

त्या दिवशी महागडी वाईन चाखायला पुण्याचे पाहुणे आले होते. चांगली साडी नेसून ये म्हणून मला बोलावलं. वाटलं, बागेचं काही विचारतील. मालकाने हातात थुंकदाणी दिली. ही शहाणी माणसं वाईन गिळत नाहीत. डोळे मिटून गुळणी करतात आणि थुंकतात. शिंतोडे माझ्या मनगटावर उडत होते. त्यांच्या थुंकीचा विटाळ कुणालाच होत नव्हता.

नवी बाटली उघडली आणि ओल्या गोणपाटाचा कुबट वास आला. बूच खराब निघालं की वाईन अशी बाद होते. एक पाहुणा म्हणाला, "वा! ओलं जंगल!" लगेच सगळ्यांना जंगल दिसायला लागलं. मला हसू आवरेना. ते त्या पाहुण्याने पाहिलं. "तुला कळतं का गं यातलं?" म्हणत त्याने रिकाम्या ग्लासात थोडी ओतून पुढे केली. माकडाला केळं दाखवतात तशी.

मी घोट घेतला. म्हणाले, "सायेब, ही बाटली बाद हाय. आपला माल असला न्हाई."

मालक हसला. "गाढवाला गुळाची चव काय!" म्हणाला. मग तो ग्लास डब्यात गेला.

पाचच मिनिटांत त्याने दुसरी बाटली उघडली. पहिली हळूच टेबलाखाली सरकवली. म्हणजे कळलं होतं त्याला. माझी जीभ खरी होती, तरी ग्लास विटाळलेलाच. पाहुण्यांनी दुसरीतही तेच जंगल हुंगलं. कीव आली मला त्यांची.

माझ्या आईचा चहाचा कप पाटलाच्या गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. मला वाटायचं, ते दिवस गेले. कुठले गेले? कप गेला, काचेचा ग्लास आला.

अर्धी भरलेली थुंकदाणी मी पांढऱ्या कापडावर, मालकाच्या ताटलीशेजारी ठेवली. "तुमची थुकी तुमीच धरा," म्हणाले आणि बाहेर पडले. रडू आलं नाही.

मला कामावरून काढलं नाही. हंगाम तोंडावर होता, काढेल कसा? तोडणीच्या दिवसांत तो बांधावर आला. "काय म्हणते तुझी जीभ?"

मी मणी तोंडात टाकला. बी कडकन फुटलं. साल त्याच्या बुटाजवळ थुंकले.

"मला कळलंय, पर सांगणार न्हाई. त्या टेबलाला मला खुर्ची द्या, ग्लास द्या, समद्यांदेखत इचारा. तवा सांगीन."

"डोकं फिरलंय का तुझं? माल वाया जाईल!"

"जाऊ द्या."

तो यंत्र घेऊन वेलींत शिरला. शोध म्हणावं. जीभ माझी आहे, आणि ती यापुढे उभ्याने बोलणार नाही.