मृणाली तरे आणि सातवी तार

मृणाली तरेशी माझं कधी पटलं नाही आणि आजही पटत नाही. सहा वर्षं मी तिच्या बँडमध्ये ड्रम वाजवतोय. चुकलो की ती हात वर करून सगळं थांबवते आणि माझ्याकडे नुसती बघत राहते. बरं वाजवलं तर काहीच बोलत नाही. माझं नाव भाविक. लग्नसराईत मी तिच्या भावाच्या, धनेशच्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो, त्यामुळे त्या घरातली भांडणं मला दोन्ही कानांनी ऐकावी लागतात.

तरे काल्हेरचे. मृणालीचे वडील रामनाथकाका, त्यांच्या शेतावर आता गोदामं उभी आहेत, घरी बसून भाडं येतं. मृणालीला नोकरीची गरज नाही. तरी ती रोज सकाळी दापोड्याच्या एका गोदामात जाते आणि येणारा माल उतरवून घ्यायच्या कामावर देखरेख ठेवते. ट्रकवाले तिला टरकून असतात. एकदा मी विचारलं, कशाला करतेस? म्हणाली, "घरी बसले तर दिवसभर धनेशचं थोबाड बघायला लागेल."

ती वाजवते ते प्रोग्रेसिव्ह मेटल. गिटार जड आणि खरखरीत असते, पण ठेका सरळ चालत नाही. सात मात्रांवरून पाचवर उडी, मध्येच सगळे एकदम गप्प, मग परत सुरू. तिच्या गिटारला सहाऐवजी सात तारा आहेत. सातवी सगळ्यांत जाड, खर्जाची. उजव्या तळव्याची कड तारांवर दाबून ती त्या सातव्या तारेवर इतक्या जलद टोले मारते, की प्रत्येक टोला सुटा ऐकू आला तरच त्यात मजा. नाहीतर नुसती घरघर.

आणि आमची घरघरच होत होती. सराव आम्ही रामनाथकाकांच्या एका रिकाम्या गाळ्यात करायचो. तिथेच धनेशच्या पार्टीचं सामान असायचं. गिटार जोडून आवाज मोठा करायला तिच्याकडे स्वतःचा अ‍ॅम्प नव्हता, म्हणून ती धनेशचा कीबोर्डचा अ‍ॅम्प वापरायची. हळदीच्या गाण्यांना तो झकास. सातवी तार मात्र त्यातून अशी यायची, की पत्र्यावरून कुणी पिंप गडगडत नेतोय. एका रविवारी तिने तीन वेळा तोच तुकडा वाजवला, तीन वेळा तोच चिखल ऐकला आणि अ‍ॅम्पला लाथ घातली.

नेमका धनेश दारात उभा होता.

"माज्या सामानाला पाय लावतेस?" तो ओरडला. "नारळ फोडून आणलेला हाय तो!"

"सामान आहे का डबा? काय वाजतंय तेच कळत नाही."

"तुज्या वाजवन्यात कळन्यासारखा काय हाय? गिरण चालू हाय नुसती. आजपासून माज्या एकाबी वस्तूला हात न्हाय लावाचा."

त्याने तिच्यादेखत वायर उपटली, गुंडाळली आणि अ‍ॅम्प टेम्पोत चढवला. रात्रीच्या जेवणाला ती भावासमोर बसली नाही आणि पुढे कधीच बसली नाही.

बँडमधला दुसरा गिटारवाला सार्थक. काल्हेरच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा, दिवसभर अ‍ॅम्पचे व्हिडिओ बघणारा. त्याचं मत ठरलेलं होतं, की घ्यायचा तर ट्यूब अ‍ॅम्प. आत काचेच्या नळ्या, गरम झाल्या की आवाज उमलतो. ट्रान्झिस्टरवर चालणारा अ‍ॅम्प म्हणजे, त्याच्या शब्दांत, "शाळेच्या गॅदरिंगचं सामान".

"तू ऐकलेयस दोन्ही? शेजारी शेजारी ठेवून?" मृणालीने विचारलं.

"सगळं जग सांगतंय."

"मी तुला विचारतेय."



आम्ही तिघं मुंबईच्या एका मोठ्या दुकानात गेलो. गिटार मृणालीच्या पाठीवर होती, पण दुकानदार बोलत होता सार्थकशी. "भैया, मॅडम के लिए ये छोटावाला अच्छा रहेगा. सीखने के लिए बेस्ट." डब्याएवढा अ‍ॅम्प होता, त्यावर रंगीत दिवे.

मृणालीने तो बाजूला सरकवला आणि एका मोठ्या ट्यूब अ‍ॅम्पला स्वतःच वायर जोडली. तिने एकच तुकडा ठरवला होता. सातव्या तारेवर सात टोले, पूर्ण शांतता, मग पाच. टोल्यांपेक्षा ती शांततेकडेच कान लावून होती. थांबल्यावर आवाज तिथेच तुटतो, की मागे शेपूट राहतं? तिने खर्ज कमी केला, गेन, म्हणजे आवाजाची खरखर वाढवणारं बटण, अर्ध्यावर आणला, मधल्या सुरांचा आवाज वाढवला. मला नवल वाटलं. मेटल म्हणजे गेन शेवटपर्यंत पिळायचा, असंच मी समजत होतो.

"मॅडम, मेटल के लिए गेन फुल रखते हैं," दुकानदार हसून म्हणाला आणि त्याने बटण फिरवलं.

"हात काढा," मृणाली म्हणाली. मग तिने आवाज वाढवला. ट्यूब अ‍ॅम्प हळू ठेवला तर झोपेतच बोलतो, त्याचं खरं रूप मोठ्या आवाजातच कळतं. दुकानदाराने धावत येऊन बटण खाली आणलं.

"ट्रक विकताना इंजिन बंदच ठेवता का?"

"लेना नहीं है तो टाइम मत खराब कीजिए," असं म्हणून त्याने मेन स्विचच बंद केला. दुकानात बाकीची गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत होती. सार्थक लाजून आधीच बाहेर पडला होता. फुटपाथवर मृणाली आणि सार्थकचं असं जुंपलं, की शेवटी मी एकटाच बसने परत आलो.

तरी घ्यायचा कुठला, हा प्रश्न होताच. सार्थकच्या एका मित्राला त्याचा जुना ट्यूब अ‍ॅम्प विकायचा होता. शेलार गावातल्या एका गिटारवाल्याकडे ट्रान्झिस्टरचा एक अ‍ॅम्प होता, तोही विकायला. मृणालीने दोन्ही दोन दिवसांसाठी मागून आणले. तिची अट एकच होती. दोन्ही एकाच स्पीकरवर, एकाच गाळ्यात आणि माझ्या ड्रमबरोबर वाजणार.

आधी नुसती गिटार. ट्यूब अ‍ॅम्प गोड वाजला. भरदार, उबदार. सार्थक माझ्याकडे बघून हसला. ट्रान्झिस्टरचा कोरडा, सुक्या लाकडासारखा. "ह्यात जीवच नाही," सार्थक म्हणाला.

मग मी दोन्ही पायांनी बेस ड्रम सुरू केला. चित्रच फिरलं. ट्यूबचा सगळा भरदारपणा माझ्या ड्रमच्या आवाजात बुडाला, सातवी तार आणि माझे पाय यांचा एकच लगदा झाला. तिने खर्ज काढून पाहिला, सगळी बटणं फिरवून पाहिली. जमेना. तो अ‍ॅम्प वाईट नव्हता, जुन्या धाटणीच्या रॉकसाठी बनवलेला होता. मग तिने वायर दुसऱ्याला लावली. तो कोरडा आवाज ड्रमच्या मधून सरळ बाहेर आला. सात टोले, सातही सुटे. मी थांबलो, तीही थांबली, गाळ्यात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

"ह्यो बरा हाय," दारातून आवाज आला. धनेश. माईकचा स्टँड न्यायला आला होता आणि सगळं ऐकत उभा होता. त्याच्या कानाबद्दल कुणी शंका घेऊ नये. हळदीच्या गोंधळात कीबोर्डची एक पट्टी उतरली तरी त्याला कळतं. "पयल्यात नुसता गाळ. ह्यात समदा सुटा येतोय."

मृणालीच्या मनातही तेच होतं, तिच्या चेहऱ्यावर मी ते आत्ताच वाचलं होतं. पण आता ते धनेशने म्हटलं होतं.

"तुला कोणी विचारलं?" ती म्हणाली. मग सार्थककडे वळून, "ट्यूबवाला घेते मी. सांग तुझ्या मित्राला."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

महिन्याभराने ठाण्यात आमचा कार्यक्रम झाला. पहिल्याच गाण्यात साउंडवाला हात हलवू लागला, दुसऱ्यात त्याने मृणालीचा आवाज जवळजवळ बंदच केला. लोक मोबाइल बघत उभे होते. स्टेजवरून उतरल्यावर सार्थक म्हणाला, चूक वाजवणाऱ्याची आहे, अ‍ॅम्पची नाही. मृणाली म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस." तो खरंच आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेलारला गेली. तो अ‍ॅम्प विकला गेला होता.

कुणी घेतला ते मला माहीत होतं. धनेशने. बेंजो म्हणजे बटणं दाबून तारा छेडायचं वाद्य, आणि त्याचा आवाज गर्दीत नीट पोचत नाही अशी त्याची नेहमीची तक्रार. त्याने त्या दिवशी ऐकलं आणि आठवड्यात शेलारला जाऊन घेऊन आला, गाळ्यात न ठेवता टेम्पोतच ठेवायचा. मी मृणालीला सांगितलं नव्हतं. तिला कळलं ते गल्लीतल्या रंजिताच्या हळदीला, संध्याकाळी, सगळ्या भावकीदेखत. ती मांडवाजवळ आली आणि तो अ‍ॅम्प बघून जागीच थिजली. बेंजो त्यातून बारीक, टोकदार निघत होता. म्हाताऱ्या बाया कानावर पदर घेत होत्या. गाणं संपताच ती सरळ पुढे आली.

"केकाटतोय. काय घेतलंयस ते तरी कळतं का तुला?"

"तुज्या नाकावर टिच्चून घेतला!" धनेशने बेंजो खाली ठेवला. "मी बरा बोल्लो म्हनून टाकलास ना तू? खोटा हाय तर सांग!"

तिने नजर बटणांकडे वळवली. रामनाथकाका मधे पडले. "दोगांचे बी डबे नेऊन खाडीत टाकीन! पोरीची हळद हाय इथं." दुसऱ्या दिवशी त्यांनी धनेशचं सामानही गाळ्यात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

तीन आठवडे दोघांचंही सामान आत अडकलं. शेवटी मीच बोललो, आधी हिच्याशी, मग त्याच्याशी. अदलाबदल करा. ट्यूबचा गोडवा बेंजोला लागेल, तो कोरडा अ‍ॅम्प हिला. मृणाली म्हणाली, "तू त्याचा माणूस." धनेश म्हणाला, "तू तिचा चमचा." मी दोघांनाही शिव्या घातल्या आणि सांगितलं, की यापुढे मी कुणासाठीच वाजवणार नाही. चार दिवसांनी काकांनी मला बोलावून किल्ली दिली. अ‍ॅम्प मीच हलवले. दोघांतलं कुणीही तिकडे फिरकलं नाही.

बेंजो आता खरंच गोड लागतो. हे मृणालीने कबूल केलेलं नाही आणि तिच्या वाजवण्याला धनेश अजून गिरणच म्हणतो. एकमेकांना काही सांगायचं असेल तर दोघं मला फोन करतात.

त्या अ‍ॅम्पमध्ये मात्र काहीच लपत नाही. पहिल्या सरावाचं रेकॉर्डिंग ऐकताना मृणालीचा चेहरा उतरला. सातवरून पाचवर येताना तिचाच डावा हात केसभर मागे राहत होता. इतकी वर्षं चिखलाखाली ते झाकलेलं होतं. "मी चुकतेय," ती भिंतीकडे बघत म्हणाली आणि मला घरी जायला सांगितलं. महिनाभर ती ड्युटी संपली की एकटी गाळ्यात बसून तो एकच तुकडा घोटत राहिली. शेजारच्या गोदामाचा वॉचमन नामा वैतागून आला, डोकं फिरायची पाळी आली म्हणाला.

"खुर्ची उचल आणि लांब जाऊन बस," मृणाली म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.