फोन धरलेला हात

शिरूरच्या एसटी स्टँडवर आबांनी माझ्या बॅगेत बाजरीचं पीठ कोंबलं आन् म्हणाले, "जा बिनघोर. मतदार यादीतलं नाव हितंच ऱ्हाईल तुझं." धाकटा भाऊ संपत मोटारसायकलवर एक पाय टेकून हसत होता. मी शहाणा परदेशी निघालेला, तो खुळा कांद्यात राहिलेला, असा माझा समज.

आता मी उत्तर आयर्लंडातल्या डेरी शहरात, एका कारखान्यात क्वालिटी बघतो. हा मुलुख आयर्लंडच्या बेटावरचा, देश मात्र ब्रिटन. पण इथल्या आणि आयर्लंडच्या लोकांनी मतदानानं ठरवलं, तर तो आयर्लंडला जोडता येतो, असं इथल्या शांतता करारातच लिहिलंय. शेजारीण मोरिनबाईंनी हे सांगितलं तेव्हा माझ्या पोटात दुखलं. अख्खा मुलुख शेतं, विहिरी, थडगी घेऊन, जागचा न हलता देश बदलू शकतो! आणि मी? तेवीस किलोची बॅग घेऊन एकटा.

मग आमच्या वस्तीनंही तेच काढलं. आमचं गाव पाच किलोमीटर लांब, ओढ्यापलीकडचं गाव दारात. तर वस्ती पलीकडच्या गावाला जोडावी, असा ठराव ग्रामसभेत आला. मोरिनबाईंकडून उसनं घेतलेलं ज्ञान पाजळायला मी व्हिडिओ कॉलवर हजर! "मंडळी, इथं मुलुखच्या मुलुख..." एवढ्यात ग्रामसेवक म्हणाले, "ह्यांचं नाव यादीत हाय. पर माणूस कुठंय?"

"फोनमदी," संपत म्हणाला. सभा खो खो हसली.

"बाजूनं असतील त्यांनी हात वर करा." मी डेरीतल्या माझ्या स्वयंपाकघरात दोन्ही हात वर केले, एकात उलथनं. ते कोण मोजणार? मोजला तो संपतचा. मला सभा दिसावी म्हणून त्या भल्या माणसानं फोन डोक्यावर धरला होता. त्याला तर वस्ती हलवायचीच नव्हती. ठराव एका हाताच्या फरकानं मंजूर!

"आवो, म्या फोन धरलाय!"

"एकदा मोजला त्यो मोजला, संपतराव," ग्रामसेवक म्हणाले.

"दादा, तुझ्यापायी माझा हात गेला की रं!"

मी हसलो. पण माझ्यासारख्या गेलेल्यांनो, तुम्हाला म्हणून सांगतो, जळलो. वस्तीचा भूगोल बिघडवला मी, आणि गावानं दखल घेतली ती संपतची. त्याचा नको असलेला हात मोजतात, माझे हवे असलेले दोन कुणाला दिसत नाहीत.

मागच्या आठवड्यात इथल्या मतदार यादीचा फॉर्म दारात पडला. राष्ट्रकुलातले म्हणून भारतीयांनाही इथं मत देता येतं. आबांना फोन केला, "इथं नाव घालू का?"

आबा म्हणाले, "घाल की. पर हात वर करायची पाळी आली, तर आदी त्या शेजारच्या म्हातारीला इचार. तिचं रान हाय त्ये."

मागून संपत ओरडला, "आन् फोन कुणाच्या हातात दिऊ नगंस!"

फॉर्म भरून टाकला. घर म्हणजे काय, ते आता मला पक्कं कळलंय. जिथं चुकून वर गेलेला हातसुद्धा मोजतात, ते घर. संपतला ते आहे.

माझं नाव दोन याद्यांत आहे.