भिंतीच्या आतलं काम

शाळेत शिकवायला निघताना इंदापूरहून रेहानाच्या भावाचा फोन आला. "ताई, आपा गेली..." रेहाना आजारी आहे हे ठाऊक होतं, तरी मी दारातच बसले. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काय झालं विचारलं आणि ऐकून हातातला चहा तसाच खाली ठेवला.

रेहाना माझी कॉलेजातली मैत्रीण. पुढं ती इंटिरियर डिझायनर झाली, रीतसर नोंदणी करून तिनं बारामतीत ऑफिस थाटलं. लोक तिला 'पडदेवाली बाई' म्हणायचे, ती हसून सोडून द्यायची. आमचं जळोचीचं घर नव्यानं करायचं ठरलं तेव्हा मी तिलाच बोलावलं. आबांची अट एकच, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत पाडायची. रेहानानं भिंत पाहिली, वरचा मजला पाहून आली आणि म्हणाली, "आबा, ओटा, कपाटं, उजेड, रंग, बसायउठायची सोय, हे समदं माझं काम. भिंत पाडायची का न्हाय, ते इंजिनीअर सांगंल. त्यात मी हात घालणार न्हाय."

"मंग तुला बोलावून उपेग काय?" आबा म्हणाले.

ठेकेदार तर लगेच घाव घालायला तयार होता. तिनं त्याला थांबवलं. आबांनी चिडून मला दुसरं कुणी बघायला सांगितलं, तरी ती हटली नाही... इंजिनीअर येऊन गेले. वरच्या खोलीचा भार त्याच भिंतीवर होता. आबांचा चेहरा उतरला. मग रेहाना त्यांच्याजवळ बसली आणि भिंत का नको ते विचारू लागली. आधी त्यांनी टाळलं. मग हळूच म्हणाले, "लकवा झाल्यापासनं मी हितं एकलाच बसतोय. म्हातारी दिसभर आत. आवाज येतो तिचा, ती दिसत न्हाय."

भिंत राहिली. रेहानानं ओट्याची बाजू बदलली, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली रुंद बाक केला आणि धरून उठता यावं म्हणून शेजारी लाकडी दांडा बसवला. आबांचा मुक्काम आत हलला. सासूबाई पुढं वारल्या, पण शेवटची वर्षं दोघं समोरासमोर बसून मेथी निवडत, भांडत होती. तेव्हापासून आबा रेहानाला लेक म्हणायचे.

रेहानाच्या मयतीला आलेले पाहुणे पांगल्यावर मी आबांना घेऊन इंदापूरला गेले. चालवत नव्हतं, तरी आलेच. रेहानाच्या अम्मी खाटेवर बसल्या होत्या. खोली अगदी साधी... खाट, कपाट, पाण्याचा माठ. अंधारून आलं तशी मी दाराजवळ दिव्याचं बटण शोधू लागले. अम्मींनी बसल्या जागीच हात लांबवला आणि उशाशी भिंतीवर असलेलं बटण दाबलं.

"तिनं हितं लावून घेतलंय," त्या म्हणाल्या. "अम्मी, तू अंधारात उठायचं न्हाय, म्हणाली."

मला परतायची घाई होती. आबांना हात द्यायला गेले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"बसू वाईच," ते म्हणाले. "चांगला पडलाय उजेड."