मामंजींचा काँप्रेसर

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले त्याच वर्षी माझे सासरे ठाण्याच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. तीसेक वर्षं त्यांनी लोकांची भांडणं फायलींत नीट बांधून ठेवली होती. आता बांधायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घराकडे लक्ष वळवलं. डाळीचे डबे उंचीप्रमाणे लागले. केरसुणीला स्वतंत्र खिळा मिळाला आणि ती दुसऱ्या खिळ्याला अडकवली की मामंजी खाकरून तसं लक्षात आणून देत. सासूबाईंनी दोन महिने काढले. मग एक दिवस भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "तुम्ही रोज ठाण्याला जात होतात ते फार बरं होतं हो."

पेन्शनच्या कामासाठी ते ठाण्याला निघाले की आम्ही दोघी जरा पाय पसरून बसायचो. अशाच एका दिवशी ते दुपारच्या जेवणाला यायचे ते दिवेलागणीला आले. काळ्या टोपीवर बारीक निळे ठिपके होते. ठाण्यात स्टेशनच्या वाटेवर एका शेडमध्ये कुणाची मोटार रंगवणं चाललं होतं, ते बघत मामंजी तिथे उभे राहिले होते. रंगाऱ्याच्या हातात बंदुकीसारखं काहीतरी होतं, त्यातून धुक्यासारखा रंग बाहेर पडत होता, आणि पत्र्यावर ब्रशचा एक ओरखडा म्हणून उमटत नव्हता.

"सूनबाई," ते मला म्हणाले, कारण सासूबाई ऐकत नव्हत्या, "ब्रश ही अगदी रानटी वस्तू आहे."

पुढचा महिनाभर ते मुंबईच्या जुन्या बाजारात खेपा घालत होते. शेवटी एका सकाळी स्टेशनवरून हातगाडी आली. गाडीवर पिंपाएवढी लोखंडी टाकी, एक पंप, एक विजेची मोटर, चामडी पट्टा, रबरी नळीचं वेटोळं आणि मामंजींच्या स्वतःच्या मांडीवर, पंच्यात गुंडाळलेली, ती रंगाची बंदूक. हातगाडीवर बसून आलेले शिरस्तेदार आमच्या गल्लीने तोवर पाहिले नव्हते.

आमच्या घरमालकीणबाई तिथल्याच जुन्या, शेतीवाडीच्या. त्या पुढच्या घरात राहायच्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळं सामान निरखलं आणि विचारलं, "रावसाब, यो कसला इंजान आनलाव? गिरन घालताव का काय?"

"हा काँप्रेसर आहे," मामंजी म्हणाले. "हवा दाबून ठेवतो."

"हवा? ती तं फुकट मिलतं न?"

मामंजी कामाला लागले.

मागच्या पडवीत त्यांनी टाकीसाठी विटा-सिमेंटचा चौथरा स्वतः बांधला. जन्मात पहिल्यांदाच थापी हातात धरली होती, पण चौथऱ्याच्या कडा अशा सरळ की वाटावं, आतमध्ये कागदपत्रंच आहेत. टाकीच्या पोटाखाली एक छोटी तोटी होती, तिच्यामुळे टाकी चौथऱ्यावर डुगडुगायची. मामंजींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "खाली तोटी कशाला हवी?" ते म्हणाले. "पाण्याची टाकी थोडीच आहे." आणि त्यांनी ती तोटी सिमेंटमध्ये पक्की बसवून टाकली. टाकी हलायची थांबली. आम्हां सगळ्यांना बोलावून त्यांनी ती न हलणारी टाकी दाखवली.

मोटर पहिल्यांदा सुरू केली तेव्हा घरातले दिवे पिवळे पडले, पट्टा किंचाळला आणि घड्याळासारख्या तबकडीतला काटा हळूहळू चढू लागला. मामंजी घड्याळाकडे बघावं तसे हात मागे बांधून उभे. टाकीत हवा फार झाली की ती आपोआप सोडून देणारी एक झडप वर बसवलेली असते, ती योग्य वेळी सुटली. तोफ उडावी तसा आवाज झाला. सासूबाईंच्या हातातली जपमाळ पाटाखाली गेली. "झडप चोख आहे," मामंजी समाधानाने म्हणाले. पलीकडून घरमालकीणबाईंचा आवाज आला, त्यांच्या कोंबऱ्या आता आठवडाभर अंडी देणार नाहीत म्हणून.

मग सराव सुरू झाला. रंगाचा एकच डबा आणला होता, पिस्त्यासारखा हिरवा. पहिल्यांदा स्टूल हिरवं झालं, मग बादली, मग माझी माहेरून आलेली ट्रंक, मग पाटाचे खूर. रंग गाळून घ्यायला लागतो म्हणून मामंजींनी आपलं एक जुनं मलमलीचं धोतर फाडलं. उडणारा रंग अडवायला चादरी टांगल्या, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं. शेवटी आमच्या ह्यांची सायकल हिरवी झाली. हे बिचारे रोज ती सायकल घेऊन स्टेशनवर जायचे. दोन दिवसांनी जेवताना म्हणाले, "बाबा, सायकलस्टँडवाला मला पोपट म्हणतो."

"ओळख पटते ना?" मामंजी म्हणाले. "मग झालं."

मामंजी हात मात्र विचित्र फिरवायचे. वस्तूसमोर उभे राहून बंदूक गोल ओवाळल्यासारखी फिरवायचे, त्यामुळे मध्ये रंग दाट आणि कडेला विरळ. सासूबाई एकदा दारातून बघून गेल्या. "बादलीची आरती झाली की प्रसाद सांगा," एवढंच बोलल्या.

पण मामंजींची खरी नजर जिच्यावर होती ती वस्तू सासूबाईंची होती. लोखंडी कपाट. सासूबाईंच्या वडिलांनी दिलेलं. त्याच्या दारांना गंज चढला होता, साड्यांच्या घडीवर तांबूस रेघ उमटायची. मामंजींनी चार महिने अर्ज केले. सासूबाईंनी चार महिने ते फेटाळले. शेवटी श्रावणात, गौरींसाठी नणंदा माहेरी यायच्या होत्या तेव्हा, त्या नरमल्या. अट एकच: हिरवा नाही.

चॉकलेटी रंग आला, मोटारींना देतात तो, झटकन वाळणारा. कपाट घासून गुळगुळीत करायला मामंजींना आणि मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी बाहेर झड लागली होती. मामंजींनी नेहमीप्रमाणे जमिनीवर पाणी शिंपडलं, मोटर सुरू केली आणि दोन्ही दारं रंगवली. ओलं असताना ते इतकं सुंदर दिसत होतं की मी सासूबाईंना बोलवायला आत गेले.

आम्ही दोघी बाहेर आलो तोवर ते बदलायला लागलं होतं. आमच्या डोळ्यांदेखत दारांवर पांढुरकी छटा चढत गेली आणि कपाट दूध जास्त झालेल्या चहासारखं झालं. त्यावर जागोजागी गोवर उठावा तसे बारीक फोडही आले होते. बंदुकीतून शेवटी शेवटी रंगाबरोबर थुंकी उडाल्यासारखं काहीतरी उडलं होतं, ते आता मामंजींनी कबूल केलं.

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी पोळ्या फार पातळ झाल्या होत्या. मामंजींनी एकच खाल्ली. गौरीला नणंदा आल्या तेव्हा कपाटावर पलंगपोस पांघरलेला होता, आणि कुणी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "ते आजारी आहे."

सण उरकल्यावर एका सकाळी मामंजी माझ्यापाशी आले. "सूनबाई, त्या ठाण्याच्या रंगाऱ्याला विचारावं म्हणतो. येतेस?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "जा गं. एकटे गेले तर आणखी एखादं यंत्र आणतील."

रंगारी एका मोटारीच्या बॉनेटवर वाकून काम करत होता. मामंजींनी घसा साफ केला. त्याने मान वर न करता सांगितलं, "बसा काका, हे हातातलं होऊ दे." आम्ही बाकावर बसलो. अकरा वाजले, साडेबारा वाजले. आयुष्यभर दुसऱ्यांना बाकावर बसवलेला माणूस टोपी मांडीवर घेऊन, पाय जुळवून बसला होता. मी एकदा म्हटलं, "मामंजी, उद्याची तारीख पडली तर?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, पण मिशीखाली ओठ हलले होते.

दीडच्या सुमाराला रंगारी हात पुसत आला. मामंजींनी सगळी हकीकत तारीखवार सांगितली. त्याने मधेच विचारलं, "टाकीचं पाणी कधी काढता?"

"कसलं पाणी? टाकीत हवा आहे."

"हवेतच पाणी असतं, काका. दाबली की सुटतं, टाकीच्या तळाला साठतं. खालची तोटी रोज उघडायची. नाहीतर ते नळीतून रंगात येतं. आणि पावसात हा रंग मारायचाच नाही, बाहेरची ओल धरून पांढरा पडतो."

मला झाकणाखालून भाताच्या तपेल्यात टपटपणारे थेंब आठवले, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

रंगाऱ्याने उठून हातही दाखवला. पत्र्यापासून एक वीत अंतर, मनगट वळवायचं नाही, सरळ या टोकाकडून त्या टोकाला. दुसरा पट्टा पहिल्याच्या अर्ध्यावर चढवायचा. मी म्हटलं, "हे तर सारवण झालं." तो हसला. "बरोबर, ताई. तेच."

घरी येऊन मामंजींनी कोट खुंटीला लावला, छिन्नी-हातोडा घेतला आणि आपला चौथरा फोडायला बसले. मदतीला कुणाला येऊ दिलं नाही. सरळ कडेचा एकेक तुकडा काढून ते बाजूला रचत होते. सिमेंट निघालं, तोटी मोकळी झाली, आणि पान्ह्याने ती जेमतेम फिरवली तशी फुसफुसत गंजाचं तांबडं पाणी सुटलं. हिरवी बादली अर्धी भरली. सासूबाई तेवढ्यात बाहेर आल्या होत्या. त्यांनी बादलीत पाहिलं, मग मामंजींकडे.

"गुन्हा कबूल आहे," मामंजी म्हणाले.

"जेवायला चला," सासूबाई म्हणाल्या. त्या रात्री पोळ्या पुन्हा नेहमीसारख्या होत्या.

पाऊस संपून कडक ऊन पडेपर्यंत आम्ही थांबलो. ऑक्टोबरात कपाट पुन्हा खरवडलं. एक दार मामंजींनी रंगवलं. मग त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. "सारवण तुला येतं. दुसरं तू कर."

मी पदर नाकाला बांधला. माहेरी देशावरच्या घरात मी केवढी जमीन सारवली होती, पण ही बंदूक धरताना भीती वाटली. पहिला पट्टा ओढला, मग त्याच्या अर्ध्यावर दुसरा. चौथ्या-पाचव्या पट्ट्यानंतर भीती गेली आणि मला ते इतकं आवडलं की दार संपल्याचं वाईट वाटलं.

कपाट वाळलं, आणि चॉकलेटीच राहिलं. सासूबाईंनी दोन्ही दारांवरून बोटं फिरवली. एका दाराच्या तळाशी रंगाचा एक ओघळ सुकला होता.

"हे दार तुमचं," त्या मामंजींना म्हणाल्या.

मामंजींनी लगेच पॉलिशचा कागद काढला. "दोन मिनिटांत घासून टाकतो."

"आता हात लावाल तर बघा," सासूबाई म्हणाल्या आणि कपाटात साड्या लावायला लागल्या.

पुढची काही वर्षं आमच्या पडवीत गल्लीतले पाळणे, खाटा, शिवणयंत्रांचे पाय येत राहिले. सरळ पट्ट्यांचं काम माझ्याकडे असायचं, मशीन मामंजींकडे. भिंतीवर त्यांनी कोर्टाच्या अक्षरात पाटी लिहून लावली होती: 'यंत्र सुरू करण्यापूर्वी टाकीतील पाणी काढणे. हुकमावरून.' घरमालकीणबाईंनी आपला देव्हारासुद्धा रंगवून घेतला, आणि कोंबऱ्यांविषयी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

मामंजींचे गुडघे धरले तेव्हा त्यांनी काँप्रेसर ठाकुर्लीच्या बाजूला एका सायकलवाल्याला देऊन टाकला, चाकांत हवा भरायला. रविवारी काठी टेकत ते तिकडे चक्कर मारायचे. सायकलवाला मला एकदा बाजारात भेटला. म्हणाला, "वहिनी, बाबा लांबून दिसले की मी हातातलं चाक टाकतो आणि आधी तोटी उघडतो."